माझ्या आवाजातले चोवीस प्रश्न

इथले अनुभव मी नेमानं वाचते, आणि खरं सांगायचं तर आजवर हसायलाच वाचत आले. वळणावरची पांढरी साडी, मागनं आलेली हाक, जाणकारानं दिलेला अंगारा... वाचून झालं की उठायचं आणि कुकर लावायचा. भूत, करणी, बाहेरचं यातलं काही मला कधी पटलं नाही. माहेर मिरजेचं, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरी अमावास्येला नारळ फुटायचा तो चटणीसाठी. तेव्हा 'हिला पहिल्यापासूनच नाद असेल' असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगते — नव्हता. आजही नाही. एक गोष्ट घडली, तिचा उलगडा मला करता आलेला नाही, एवढंच. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय.

माझं सासर हुबळीचं. कमरीपेठेत सासऱ्यांच्या वेळेपासून भांड्यांचं दुकान, घर वर, दुकान खाली. मूळचे सांगलीकडचे, पण आता घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. माझे मिस्टर २००४ मध्ये गेले. दुपारी दुकानात खुर्चीवर बसले होते, पोऱ्यानं चहा आणला तेव्हा नव्हते. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का आहे, येईल हळूहळू. महिना झाला, वर्ष झालं, आलं नाही. दातांच्या डॉक्टरकडनं आल्यावर गाल कसा असतो, तसं सगळं झालं होतं — आपलाच, पण चावला तरी कळत नाही.

वर्षभरानं मी मुलीला घेऊन धारवाडला मळमड्डीत दोन खोल्यांत राहायला गेले. थोरले दीर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते नको म्हणत होते. पण रोज जिना उतरताना ती खुर्ची दिसायची, आणि ती दिसूनही मला काही वाटायचं नाही, याचा मला कंटाळा आला होता. मुलगी अश्विनी, आम्ही अशू म्हणतो, तेव्हा बारा वर्षांची. शाळा बदलायची, मैत्रिणी सोडायच्या, चुलतभावंडं सोडायची... हे तिला चालेल का, असं मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही.

सप्तापूरच्या एका आतल्या रस्त्यावर लहान मुलांच्या मानसिक आजारांचं छोटं केंद्र होतं. बंगल्याचा तळमजला, तीन खोल्या आणि व्हरांडा. तिथं मला नोकरी लागली. कानडी-मराठी दोन्ही येतं, टायपिंग येतं, आणि पोरं रडली तरी ही बाई गडबडत नाही, एवढ्यावर. गडबडण्यासाठी आधी काही वाटावं लागतं, ते मी मुलाखतीत सांगितलं नाही.

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम हुशार आणि जरा हट्टी. त्यांचं म्हणणं असं की पोरं माणसाच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. आई बसली असेल तर एक, मास्तर असले तर दुसरं, डॉक्टर असले तर तिसरं. म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम करून घेतला होता. पोराला कम्प्युटरसमोर एकट्याला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा. स्क्रीनवर एक प्रश्न येणार, तोच कानात ऐकू येणार, खाली तीन बटणं — नाही, कधीकधी, नेहमी. असे चोवीस प्रश्न. झोप लागते का, पोट दुखतं का, शाळेत कुणी त्रास देतं का. शेवटी एक रिकामी चौकट : आणखी काही सांगायचं आहे का? पंचवीस मिनिटांत मॅडमच्या हातात कागद. ज्यांना काळजीचं दिसेल त्यांची नावं लाल रंगात. आता असल्या गोष्टींचं कुणाला नवल नाही, पण तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या आया हात जोडूनच त्या खोलीत शिरायच्या. आणि चालायचं ते! अळणावरकडचा एक मुलगा मॅडमसमोर तीन आठवडे तोंड मिटून बसला होता, त्यानं मशीनला वीस मिनिटांत सगळं सांगून टाकलं.

कानडी प्रश्न एका बाईंच्या आवाजात होते. मराठी माझ्या.

रेकॉर्डिंगच्या वेळी मॅडमनी बजावलं होतं, "सुनीताताई, आवाजात दया नको. काळजी नको. कुठलंच उत्तर बरोबर किंवा चूक आहे असं पोराला वाटता कामा नये. एकदम सपाट." कानडीवाल्या बाईंना त्यासाठी दोन दिवस लागले. माझं पहिल्याच फटक्यात झालं. प्रत्येक उत्तरानंतर 'पुढचा प्रश्न' असं म्हणायचं होतं, तेही नीट आलं. "तुम्हाला जमलं की एकदम," मॅडम खूश झाल्या. मीही मान डोलावली.

आता माझी चूक. प्रोग्रॅम नवा आला तेव्हा तो चालतो का हे बघायला एक नमुन्याची फाईल भरायची होती. मॅडमनी सांगितलं होतं, काल्पनिक मूल घाला. मी घालायला गेले तर जन्मतारीख आणि वय जुळेना, इयत्ता जुळेना, प्रोग्रॅम पुढेच जाईना. तीन वेळा झालं तसं. मग वैतागून मी अशूचं नाव घातलं. नाव, जन्मतारीख, शाळा, पालक... बोटांना पाठ असलेलं एवढं एकच मूल होतं माझ्याकडे. न वाचता चोवीस वेळा 'नाही' दाबलं. आवाज येतोय, बटणं चालतायत, झालं.

आमच्याकडे झाडलोट आणि पोरांना सांभाळायला शांतक्का होत्या. त्या मागनं बघत होत्या. म्हणाल्या, "ब्याड्रि, नको वैनी. बऱ्या असलेल्या पोरीचं नाव दवाखान्याच्या बुकात घालू नये. काढून टाका ते."

"हे बुक नव्हे शांतक्का, कम्प्युटर आहे."

"बुकच की ते. नाव लिहितात का नाही?"

मी हसले. काढून टाकता येतच नव्हतं खरं तर. कुणी उत्तरं बदलू नयेत म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रवीनं डिलीट ठेवलंच नव्हतं. राहिली ती फाईल तशीच.

दीड-दोन महिने गेले. दर बुधवारी सकाळी मी मॅडमसाठी लाल नावांची यादी छापून द्यायची. त्या बुधवारी यादीत तिसरं नाव अशूचं होतं.

आधी मला वाटलं जुनाच नमुना आलाय. पण नाही. नवी नोंद होती, आदल्या दिवशीची, मंगळवार, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटं. उत्तरं सगळी 'नाही' नव्हती. भूक लागते का — नाही. शाळेत कुणाशी बोलतेस का — कधीकधी. एकटं वाटतं का — नेहमी. शेवटच्या चौकटीत एक ओळ टाईप केलेली : डबा मी खात नाही, शाळेमागच्या कुत्र्याला घालते.

मंगळवारी चार ते साडेपाच मी व्हरांड्यात आलेल्या पालकांचे फॉर्म भरत असते. कम्प्युटरची खोली माझ्या पाठीमागे, दार माझ्याजवळून. आत कुणी गेलं नव्हतं. शांतक्कांना माउस धरता येत नाही. राहिला रवी. त्याला मी हुबळीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं, थट्टेलाही काही रीत असते म्हणून. बिचारा दुसऱ्या दिवशी बसनं आला. मशीनला इंटरनेट नाही, दुसरं मशीन जोडलेलं नाही, घड्याळ बरोबर. त्यानं पासवर्ड बदलून दिला. "वैनी, बग असेल काहीतरी," म्हणाला. बग म्हणजे काय ते मला माहीत होतं. बगला कुत्र्याचं कसं माहीत, ते मी विचारलं नाही. ती ओळ मी त्याला दाखवलीच नव्हती.

अशूलाही काही विचारलं नाही. रोज संध्याकाळी तिचा डबा मी घासायची, तो रिकामा असायचा. रिकामा डबा म्हणजे खाल्लेला डबा, एवढंच मला माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला लाईट गेली ती सहाला आली. धारवाडात त्या दिवसांत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. युपीएसची बॅटरी दुरुस्तीला गेलेली. मॅडमनी पोरांना व्हरांड्यात बसवून कागदी फॉर्म भरून घेतले, ते मीच वाटले. बुधवारी सकाळी यादी काढली. अशू. मंगळवार, ४ वाजून ५२.

या वेळी एकोणिसावा प्रश्न बदलला होता. तो असा : आपण नसतो तर बरं झालं असतं, असं तुला वाटतं का? आधीच्या आठवड्यात 'नाही' होतं. आता 'कधीकधी'. आणि चौकटीत : अप्पांचा आवाज आठवेनासा झालाय.

ती वडिलांना अप्पा म्हणायची. हे वाक्य जगात कुणी टाईप करण्यासारखं असेल तर ती एकटीच होती, आणि ती आमच्या केंद्रात एकदाही आलेली नव्हती.

भीती वाटायला हवी होती, मला ते कळत होतं. मी यादी मॅडमना दिली, आधीच्या बुधवारसारखंच त्यातलं तिचं नाव पट्टी धरून फाडून. शुक्रवारी मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेकडे गेले. मागच्या बाजूला एक नळ आहे आणि पडकी भिंत. अशू एकटीच आली. डबा उघडला, पोळी-भाजी भिंतीपलीकडे ठेवली, एक तांबडं कुत्रं आलं, त्याचं होईपर्यंत उभी राहिली. मग नळावर डबा विसळला, झाकण लावलं, दप्तरात ठेवला. तिचे खांदे केवढेसे झाले होते... दोन वर्षांत मी तिच्याकडे लांबून कधी बघितलंच नव्हतं.

मी हाक मारली नाही. का मारली नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही, आणि माझ्या लेखी ते त्या कम्प्युटरपेक्षा मोठं कोडं आहे. मी परत गेले आणि दुपारचे फॉर्म भरून घेतले.

तिसऱ्या मंगळवारी मी मॅडमना सांगितलं, डोकं दुखतंय, जरा आत बसते. चार वाजता कम्प्युटरच्या खोलीत गेले, मशीन बंद केलं, भिंतीतला प्लग काढला, वायर मांडीवर घेऊन बसले. बाहेर पोरांचा गोंधळ चालू होता. पाच वाजले. काही झालं नाही, ना आवाज, ना गारवा, ना काही. मला वाटलं, संपलं. साडेपाचला प्लग लावला, मशीन चालू केलं आणि फाईल उघडली.

मंगळवार, ४ वाजून ५२. एकोणिसावा प्रश्न — नेहमी. चौकट रिकामी.

मी चप्पल घालून बाहेर पडले. मॅडमना सांगितलं नाही, पर्सही तिथंच राहिली. रिक्षावाल्याला घराजवळच्या किराणावाल्याकडनं भाडं देववलं. दार ढकललं तर अशू पुढच्या खोलीत जमिनीवर वही घेऊन बसली होती, नकाशात नद्या रंगवत. मी तिच्यासमोर बसले. आमच्याकडे कुणी असं समोर बसत नसे.

"अशू, तुला बरं नाही का वाटत?"

तिनं वर बघितलं. "आत्ता तर सांगितलं की."

"कुणाला?"

"तुला."

"कधी?"

"आत्ता, आल्या आल्या. तूच विचारलीस की." ती परत रंगवायला लागली. "दर मंगळवारी विचारतेस. मी बूट काढते आणि तू आत स्वयंपाकघरातनं विचारतेस. ते तुमच्या दवाखान्यातले प्रश्न. मला वाटलं प्रॅक्टिस करायलीस."

मी सकाळी घराला कुलूप लावून जाते. एक किल्ली माझ्याकडे, एक तिच्या दप्तरात. ते मी म्हटलं.

"मंगळवारी उघडंच असतं," ती म्हणाली. "नुसतं लोटलेलं."

"मी दिसते तुला?"

"आत कशाला येऊ? तू बोलवत नाहीस. मी उंबऱ्यावर बसूनच सांगते. तू म्हणतेस, पुढचा प्रश्न. मग मी पुढचं सांगते. सगळं झालं की तू मागच्या दारानं जातेस, भाजीला, आणि सहाला येतेस."

"अशू, मी मंगळवारी सहापर्यंत घरी नसतेच. ती मी नव्हे."

हे बोलायला नको होतं. पण तोंडातनं गेलं. तिच्या हातातला निळा खडू थांबला. तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, बराच वेळ.

"तुझाच आवाज होता."

"तुला वेगळं काही वाटलं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "तू तशीच बोलतेस की. अप्पा गेल्यापासून."

ती हे रागानं बोलली नाही, तक्रार म्हणूनही नाही. आज भाजी कसली आहे, तसं सांगितलं. मला ते लागलं. फार नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीतच नव्हतं?"

"काय?"

"डब्याचं. बाकीचं." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं मी तुला सगळं सांगितलंय. आणि सगळं ऐकूनसुद्धा तू काही करत नाहीस. पोळ्या करतेस, झोपतेस. मला वाटलं... तुला चालतंय."

दर मंगळवारी उत्तरं का बिघडत होती, ते तेव्हा कळलं. तिनं आईला सांगून बघितलं होतं. आठवडाभर वाट बघितली होती. परत सांगितलं होतं, जरा जास्त. मी तिला जवळ ओढलं. मला अजूनही रडू येत नव्हतं. ती कडक बसून राहिली, अंग सैल सोडलं नाही. त्या रात्री आम्ही दोघी पुढच्या खोलीत एका गादीवर झोपलो. तिला वाटत होतं, आत कुणीतरी आहे. मी उठून दिवा लावून आत जाऊन आले. पोळपाट, लाटणं, ओटा. कुणी नव्हतं.

सकाळी मी तिला घेऊनच केंद्रात गेले आणि मॅडमसमोर सगळं ठेवलं, फाईलचं, लाईट गेल्याचं, स्वयंपाकघराचं. मॅडमनी तिन्ही कागद वाचले. चष्मा काढला. म्हणाल्या, "हे कसं झालं ते मला माहीत नाही आणि आज बघायचंही नाही. मुलगी खरी आहे ना? मग आधी मुलगी." त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडल्या नाहीत.

अशूशी त्या तासभर एकट्या बोलल्या. मग रीतीप्रमाणे तिला कम्प्युटरवर बसवायचं ठरलं. हेडफोनमध्ये माझाच आवाज असणार, म्हणून मॅडमनी तिला विचारलं, कानडीत ऐकतेस का? ती म्हणाली, असू दे. मी बाहेर व्हरांड्यात बसले. शांतक्का शेजारी येऊन बसल्या. 'मी सांगितलं होतं' असं म्हणायला त्यांना पूर्ण वाव होता, पण त्यांनी फक्त माझी राहिलेली पर्स मांडीवर आणून ठेवली.

कागद छापून आला तेव्हा मॅडमनी चारही शेजारी शेजारी ठेवले. कालच्या उत्तरांत आणि आजच्या उत्तरांत एकच फरक होता. एकोणिसाव्याला अजून 'नेहमी'च होतं. बदलला होता अकरावा प्रश्न : मनातलं बोलायला घरात कुणी आहे का?

आधीच्या तिन्ही मंगळवारी त्याला 'नेहमी' होतं. लाल कागदांवरची तेवढीच एक बरी गोष्ट, आणि मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आज तिनं 'नाही' दाबलं होतं.

"हे का बदललं असेल?" मॅडमनी विचारलं. मला माहीत होतं. तिच्याजवळ जे कुणी होतं ते आदल्या संध्याकाळी मी काढून घेतलं होतं. मी ते मॅडमना सांगितलं, आणि सांगता सांगता मला रडू आलं. दोन वर्षांचं एकदम आलं असं कुणाला वाटेल, तर नाही, थोडंसंच आलं. पण आलं.

त्यानंतरचं सगळं साधं आणि लांबलचक आहे. अशूचे उपचार सुरू झाले, दर आठवड्याला. मॅडमनी मलाही बसवलं, वेगळं. मी कामाची वेळ बदलून घेतली, चारला घरी. मराठी प्रश्न दुसऱ्या बाईंच्या आवाजात परत करून घ्या, असा मी हट्ट धरला आणि मॅडमनी तो मानला. अशूच्या नावावर चौथ्या कागदानंतर आपोआप एकही नोंद झालेली नाही. मंगळवारी मी घरीच असते. पुढे बरेच महिने पाचला दहा मिनिटं कमी असताना मी स्वयंपाकघरात मुद्दाम उभी राहायची. काही ऐकू यायचं नाही.

उलगडे करणारे भेटले. अण्णांनी हुबळीत शांती करून घेतली, मी नको म्हटलं नाही. रवी म्हणाला, त्याला त्या नोंदींच्या वेळा समजावता येत नाहीत, आणि त्याला त्यावर बोलायचंही नाही. मॅडमचं मत असं की अशूनं कधीतरी माझे प्रश्न घरी ऐकले असणार, एकटीनं मनातल्या मनात उत्तरं दिली असणार. मी म्हटलं, ठीक, पण कम्प्युटरमध्ये कशी गेली? त्यावर त्या दुसरा विषय काढतात. तुमच्यातल्या कुणी म्हणेल, मीच न कळत भरली. प्लग माझ्या मांडीवर होता. कुलपाचंही सांगा मग. मी सगळं करून बघितलंय, कुठेच बसत नाही. मिस्टर आले असतील, असं एका बाईंनी सुचवलं. पण ते असते तर त्यांच्या आवाजात विचारलं असतं... तिला तोच हवा होता.

ती कोण होती मला माहीत नाही. चांगली होती की वाईट, तेही ठरवता येत नाही. तिनं विचारलं म्हणून माझी मुलगी बोलली, आणि ती गप्प राहिली म्हणून मुलगी खचली. मला तिची भीती वाटत नाही. हेवा वाटतो.

अशू आता पंधरा वर्षांची आहे. जेवते. भांडते, हे तर फारच छान. दर तीन महिन्यांनी मॅडम तिला परत त्या मशीनसमोर बसवतात. एकोणिसाव्या प्रश्नाला गेलं वर्षभर 'नाही' येतंय, त्यासाठी मी कुणाचेही पाय धरायला तयार आहे. गेल्या महिन्यात मॅडमनी तिला विचारून मला कागद दाखवला. मी आधी अकरावा बघितला. शाळेतनं आली की रोज विचारते मी तिला, कसं गेलं, काय झालं, आवाजात सगळं घालून विचारते. तिथं 'कधीकधी' होतं.

त्या दुसरीला तिनं तिन्ही वेळा 'नेहमी' दिलं होतं.